आरक्षण क्रमांक नऊ आणि सहा खुंट्या

सनाबिस, बहरीन
शुक्रवार, मार्च १९९७

चि. सौ. मेधा यांस,

(एरवी ‘हिस’ लिहिलं असतं. पण धाकटी बहीण नगरसेविका झाली की सर्वनामालाही बढती द्यावी लागते.) अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही उभयतां खुशाल आहोत. थंडीत माझा गुडघा आणि तुझ्या वहिनीचा स्वभाव, दोन्ही जरा आखडले होते, ते आता सुटू लागले आहेत. पांडुरंगरावांचा खोकला कसा आहे? तू सभेला गेलीस की घरी भात कोण लावतं, हेही कळव. त्यांनी लावला असेल तर खोकल्याचं कारण वेगळं शोधायला नको.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या सर्वसाधारण सभेत दोन तास बसून तुला ‘चहा’ हा एकच शब्द समजला, हे वाचून वाईट वाटलं, आणि तो चहाही गार होता हे वाचून जास्त. अध्यक्ष म्हणतात, “ताई, तांत्रिक आहे, तुम्ही नुसता हात वर करा.” आता पुढच्या सभेत विषय क्रमांक चौदा येणार: ‘मंजूर विकास आराखड्यातील स.नं. ११२ वरील आरक्षण क्रमांक ९, क्रीडांगण, वगळून तेथे व्यापारी संकुल प्रस्तावित करणेबाबत किरकोळ फेरबदल’. आणि तू मला लिहितेस की दादा, हे सगळे शब्द संस्कृत आहेत, तू पाठशाळेत शिकलास, तर अर्थ सांग, म्हणजे हात वर करायचा की नाही ते मला ठरवता येईल. मुली, तुझी श्रद्धा मोठी आहे. पण काव्यतीर्थ होऊन जो मनुष्य परदेशात एअरकंडिशनरचे सुटे भाग मोजतो, त्याच्या विद्येचा उपयोग किती, हे उघड आहे.

तरी प्रयत्न केला. ‘सामासिक अंतर’ म्हणजे समासातल्या दोन पदांमधलं अंतर, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती (आणि अंतर मिटावं म्हणून तर समास करतात, मग हे कुठलं, म्हणून मी व्याकुळही होत असे). ते तसं नाही. वहीच्या पानाला आपण समास सोडतो, तसा घराभोवती कुंपणापर्यंत सोडायचा, एवढंच. ‘चटई क्षेत्र’ म्हटल्यावर मला पंगत दिसली होती. प्रत्यक्षात, प्लॉटच्या मानानं सगळे मजले मिळून किती बांधता येईल त्याचं ते प्रमाण. चटई कोणी अंथरत नाही. पण हे मला कोशातून कळलेलं नाही. मागच्या शुक्रवारी कळलं, आणि वाळूत कळलं. ते सविस्तर सांगतो, कारण तुझ्या विषय क्रमांक चौदाचा अर्थ त्यातच आहे.

आमची इमारत आणि कोपऱ्यावरचं कोल्ड स्टोअर (इथे वाण्याच्या दुकानाला असंच म्हणतात, आत गरम समोसेही मिळतात) यांच्यामध्ये वाळूचा एक मोकळा तुकडा आहे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून तिथे क्रिकेट. खेळणारे आपलेच. वली हा रत्नागिरीचा, हिद्दला एका गोदामात स्टोअरकीपर, डावखुरा गोलंदाज. जेफ्री वसईचा, एका सल्लागार कंपनीत नकाशे काढतो, आणि स्वतःच्या मते आजवर कधीही न्याय्य रीतीनं बाद झालेला नाही. फारुखभाई श्रीवर्धनचे, कोल्ड स्टोअरचे मालक, क्षेत्ररक्षण आपल्या पायरीवर बसूनच करतात. मी पंच. मला धावता येत नाही, आणि मला सगळे गुरुजी म्हणत असल्यामुळे माझ्याशी भांडताना लोक अर्ध्यावर थांबतात.

यष्ट्यांच्या जागी आम्ही सरबताच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट ठेवतो. त्या दिवशी जाऊन पाहतो तर वाळूत ओळीनं, सारख्या अंतरावर, लाल टोकांच्या सहा लाकडी खुंट्या! वली आनंदानं ओरडला, “काय ओ गुरुजी, सरकारानं इस्टंपा पाठवल्यान!” सहा म्हणजे तीन इकडे आणि तीन तिकडे. इतका नेमका योगायोग दिसल्यावर शंका घेणं हा अरसिकपणा ठरला असता. खुंट्या उपटण्यात आल्या (कोणी उपटल्या, हा तपशील गौण आहे) आणि सामना रंगला.

वलीच्या एका चेंडूनं जेफ्रीची मधली खुंटी उडाली. त्यानं ती उचलून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. बाद झाल्यामुळे असेल, असं आम्ही समजलो. “अरे देवा रे! ही तर आमच्याच ऑफिसनं ठोकलेली सेंटर लाइन!” मी विचारलं, म्हणजे काय? तर इथून रस्ता जायचा आहे, आणि या खुंट्या म्हणजे त्या रस्त्याची मध्यरेषा. उद्या सकाळी कंत्राटदार येऊन याच खुंट्यांवरून चुना मारणार. वली उभ्या जागी खाली बसला. “खलास! माजा व्हिसा रिन्यूला गेलाय या म्हयन्यात, आनि मी सरकारचा रस्ता उपटून बॅट मारतोय?” (बॅट तो मारत नव्हता, चेंडू टाकत होता. पण त्या क्षणी मी दुरुस्ती सुचवली नाही.)

मग ठरलं की खुंट्या होत्या तिथे परत ठोकायच्या. पण होत्या कुठे? धावून धावून भोकं बुजलेली. आणि मेधा, इथून माझ्या शिक्षणाला सुरुवात झाली. जेफ्रीनं वाळूत बोटानं काढून दाखवलं: मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखं मोजायचं, ती झाली रस्त्याची रुंदी. त्या रुंदीच्या आत ज्याचं जे येईल, मग ती पायरी असो की खांब, ते अतिक्रमण. सामासिक अंतर आणि चटई क्षेत्रही त्यानं तिथेच रेघा ओढून समजावलं. मला वाटे, अतिक्रमण म्हणजे कोणीतरी उठून पुढे आला पाहिजे. इथे माणूस जागचा हलत नाही, रेघ त्याच्याकडे चालत येते.

हे ऐकल्याबरोबर सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम तल्लख झाली. वलीला आठवलं की खुंट्या त्याची पिकअप उभी राहते तिथून खूप लांब होत्या. फारुखभाई पायरीवरून न उठता म्हणाले, “माझ्या पायरीपासून तर कोस दूर, अल्लाकसम.” वलीची बायको जमीला वर गॅलरीत उभी होती. तिला आठवलं की ओळ तिच्या कपडे वाळत घालायच्या खांबाच्या पार पलीकडे, म्हणजे फारुखभाईंच्या बाजूला होती. फारुखभाई म्हणाले, “भाभी, तुम्ही तर आत भाकऱ्या थापत होता!” ती म्हणाली, “थापताना डोळे मिटतात काय माझे?” मीही पूर्ण निःपक्षपातीपणानं सांगितलं की, ज्या बदामाखाली पंचाची खुर्ची असते, त्या बदामाच्या जवळपास एकही खुंटी नव्हती. यालाच तुमच्या नगरपरिषदेत ‘हरकती व सूचना’ म्हणतात. त्या मागवल्या की प्रत्येकाला रस्ता शेजाऱ्याच्या दारातून गेलेला स्पष्ट आठवतो.

भांडण हातघाईवर येणार तोच जमीलाच वरून ओरडली, “आता गप ऱ्हावा नि पानी वता! भोक आसल तिथं वाळू खचल!” बादल्या आल्या. आणि खरंच, जिथे भोक बुजलं होतं तिथली भुसभुशीत वाळू पाण्याबरोबर वाटीसारखी खाली बसली. चार वाट्या सापडल्या. जमीलाचीच कपड्यांची दोरी सोडवून त्या चारांवरून ताणली, आणि सारखं अंतर मोजून उरलेल्या दोन जागा काढल्या. पाण्याला ना पिकअप, ना पायरी, ना खुर्ची. फारुखभाईंची पायरी अर्धी आत आली. जमीलाचा खांब बचावला. माझा बदाम गेला. आणि दोरी बरोबर आमच्या खेळपट्टीवरून, वलीचा चेंडू जिथे टप्पा घेतो त्या जागेवरून गेली.

खुंट्या ठोकायला हातोडा नव्हता, म्हणून बॅटनंच ठोकल्या. शेवटची वलीनं ठोकली आणि म्हणाला, “गुरुजी, आपला ग्राउंड आपनच मारला.” दुसऱ्या दिवशी माणसं आली, चुना पडला, कोणाला काही कळलं नाही. वलीचा व्हिसाही परवा आला. आज शुक्रवार असून खाली यंत्र उभं आहे, म्हणून तर मला इतकं लांब पत्र लिहायला वेळ आहे.

तक्रार नाही. आम्ही पाहुणे. यजमानानं अंगणातून वाट काढली तर पाहुण्यानं आपला पाट उचलून बाजूला बसावं. आम्हाला कोणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. पण तुला विचारलं आहे, मेधा. तेव्हा आता तुझ्या कागदाकडे वळू. तू अध्यक्षांच्या टिपणीतली चतुःसीमा जशीच्या तशी उतरवून पाठवलीस, आणि मला वाटतं उतरवताना वाचली नाहीस: ‘पूर्वेस पऱ्या, पश्चिमेस हायस्कूलची पडवी, उत्तरेस पिंपळाचा पार, दक्षिणेस बाजाररस्ता’. डोळे मीट आणि या चौघांच्या मधोमध उभी राहा. काय आहे तिथे? स.नं. ११२ नाही. आरक्षण क्रमांक ९ नाही. जिथे तू वडिलांची सायकल शिकताना पऱ्याच्या पाण्यात गेलीस, ते मैदान आहे. मी पंचगिरी शिकलो ते तिथेच. खो-खोच्या सामन्यात एका मुलीला बाद दिलं, ती पुढे तुझी वहिनी झाली (निर्णय बरोबर होता). ‘आरक्षण’ म्हणजे ही जागा पोरांसाठी राखली आहे. ‘वगळणे’ म्हणजे आता राखलेली नाही. आणि हे सगळं जे होणार, त्याला ‘किरकोळ’ फेरबदल म्हणतात. कोशात या शब्दाला हा अर्थ नाही, मी पाहिला.

हात वर करायचा की नाही, ते मी सांगणार नाही. पंचानं सांगू नये. फक्त नियम सांगतो: विरोध असेल तर ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ असं मोठ्यानं म्हणायचं, आणि नोंदवला की नाही ते वाचून घ्यायचं. ठराव झाला तरी संपत नाही. नोटीस निघते, महिनाभर हरकती घेतात, मगच तो सरकारकडे जातो. तेवढ्या दिवसांत गावातल्या चार माणसांना नुसती चतुःसीमा वाचून दाखव. पाणी ओतल्यासारखं होईल.

पांडुरंगरावांना नमस्कार. भाताचं पाणी दोन बोटं वर ठेवायला सांग.

तुझा,
दादा

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. तुझ्या वहिनीच्या भावानं त्या नियोजित संकुलात तिच्यासाठी एक गाळा नोंदवून ठेवला आहे. आम्ही परत आलो की ती तिथे मसाल्यांचं दुकान काढणार. दुकानाची पाटीसुद्धा ठरली आहे: ‘स्मिता मसाले’. तुला लिहायला आज मला बसवलं ते तिनंच, आणि ‘मेधावन्संना लिहा, बिनधास्त हात वर करा म्हणावं’ एवढं एकच वाक्य लिहायचं होतं. ते वर कुठे बसेना. तेव्हा या शब्दांचे अर्थ तुला मी सांगितले, हे तिला कधीही कळू देऊ नकोस. आपोआप सुचले म्हण. नगरसेविकांना सुचतात.

पुन्हा ता. क. “ते लिहिलंत ना?” असं ती तीनदा विचारून गेली. मी “लिहिलं” म्हणालो. वर पाहा, लिहिलं आहेच.

ता. क. (वहिनीचा) मेधावन्सं, पाकीट चिकटवायला हे मलाच देतात, आणि दर वेळी विसरतात की मी आधी वाचते. पहिली खुंटी यांनीच उपटली. “पंचाचा मान” म्हणत, पायजमा सावरत. मी गॅलरीतून पाहिलं. दुसरं म्हणजे, माझ्या भावानं पाठवलेल्या कागदावर ‘स.नं. ११२ पैकी’ एवढंच होतं. एकशेबारा म्हणजे आपलं मैदान, हे मला आज, आत्ता कळलं. मसाले मी घरच्या पडवीत विकीन. ‘अनुकूल’ म्हणतील तेव्हा हात पदराखाली ठेवा, ‘प्रतिकूल’ म्हणतील तेव्हा वर करा, आणि शेजारणीचाही करवा. त्या सामन्यात मी बाद नव्हते. माझा पाय रेघेच्या आत होता. तो कुठे होता, ते यांना जागेवर उभं करून दाखवायचं आहे, आणि त्याला मैदान लागेल.