नात्याचा रकाना

३ मार्च
आज ऑफिसबाहेर नोटीस लागली. आर्थिक मदतीचे अर्ज ३१ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत. नोटिशीसमोर मुलींची ही गर्दी. सगळ्या घाबरलेल्या. मी शांत. शिस्त अंगात असली की माणूस शांत राहतो. माझा अर्ज १० तारखेला जाईल.

मदत मिळाली नाही तर दुसरं वर्ष नाही, हे घरून निघतानाच ठरलेलं आहे. बाबांचं बाइंडिंगचं दुकान हल्ली रडतखडत चालतं. पहिलं वर्ष आमचं, पुढचं तुझं तू बघ, असं ते म्हणाले होते. मी बघतेच आहे. आजच एक फाइल आणली. निळी.

४ मार्च
अर्जाच्या सूचना वाचल्या. मग नीट वाचल्या. मग बाबांच्या पद्धतीने शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या, म्हणजे चुका सापडतात. सूचना क्रमांक नऊमध्ये एक स्वल्पविराम जास्त आहे.
मूळ अर्ज अजून फाइलमधून बाहेर काढलेला नाही. मळेल. सरावासाठी झेरॉक्स काढल्या आहेत.

८ मार्च
सहावा रकाना: पूर्वीची शाळा आणि मुख्याध्यापकांचे नाव.
मी दहावीपर्यंत घरीच शिकले. दुकानामागच्या लांब टेबलाच्या एका टोकाला खळ आणि पुठ्ठे, दुसऱ्या टोकाला मी. भाषा आईकडे, गणित आत्याकडे, विज्ञान मामाकडे, शुद्धलेखन आणि बोलणी बाबांकडे. मुख्याध्यापक कोण, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता.
घरी फोन केला. बाबा म्हणाले, मीच की, विचारायचं काय त्यात. मागून आई म्हणाली, हजेरी कोण घेत होतं, मुख्याध्यापक म्हणे. मग आत्याने फोन घेतला आणि म्हणाली की शाळा तिच्या टेबलावर भरत होती, तेव्हा संस्थाचालक तीच. फोन चालू ठेवून सगळे भांडायला गेले.
शाळा सोडल्याचा दाखला लागेल का, असं मी ओरडून विचारलं. बाबा म्हणाले, तू सोडलीस कुठे, सुट्टीला आलीस की परत बसवतो.

१० मार्च
सहावा रकाना भरला. मुख्याध्यापक: आई (हजेरीपुरत्या). अर्ज आज जाणार होता तो आता १५ तारखेला जाईल. हे खरं तर जास्त चांगलं. फार लवकर दिलेले अर्ज गठ्ठ्यात तळाशी जातात.

१४ मार्च
शिफारसपत्र हवं. अर्जदाराला चांगलं ओळखणाऱ्या शिक्षकाचं किंवा कॉलेज कर्मचाऱ्याचं. शिफारस करणारी व्यक्ती अर्जदाराची नातेवाईक नसावी.
इथे घोडं पेंड खातंय. मला ओळखणारे सगळे शिक्षक माझे नातेवाईकच आहेत.
इतिहासाच्या सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, तू माझ्या वर्गात आहेस का? मी पहिल्या बाकावर बसते, अगदी त्यांच्या समोर. ते म्हणाले, मी मागच्यांवर लक्ष ठेवतो, पुढचे आपोआप चांगले असतात. ही एक प्रकारची शिफारसच झाली, पण लिहून द्यायला ते तयार नव्हते.

१८ मार्च
होस्टेलवरच्या माझ्या रूममेटने आज अर्ज दिला. पलंगावर लोळत, बिस्किटं खात, उशीवर कागद ठेवून भरला. शिफारस खेळाच्या सरांची: मुलगी जोरात धावते. पहिल्या पानावर चहाचा गोल डाग. मला तिची काळजी वाटली. शांतपणे समजावलं की अजून वेळ आहे, नवा अर्ज आणून स्वच्छ लिही. ती म्हणाली, तुझा कुठवर आला? मी म्हटलं, पायाभरणी झाली. ती म्हणाली, मग वास्तुशांतीला बोलव. आणि पांघरूण ओढून झोपली.

२० मार्च
मजल्यावरच्या मुली मार्गदर्शनाला येऊ लागल्या आहेत. मी त्यांच्यासाठी रंगीत वेळापत्रक करून जिन्यात लावलं. कोणत्या दिवशी कोणता रकाना. रोज संध्याकाळी दारं वाजवून विचारते, कुठवर आलं. मला डेडलाइनताई म्हणतात. आवडलं असं नाही, पण जबाबदारी वाटते. चारजणी आज शाई ओली असतानाच अर्ज देऊन आल्या.
माझ्या स्वतःच्या अर्जाला त्यामुळे थोडा उशीर होतोय. समाजकार्य म्हटलं की हे आलंच.

२३ मार्च
प्रश्न सुटला. लायब्ररीतल्या मावशी.
पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर त्या बसतात. आख्खं कॉलेज त्यांना मावशी म्हणतं, प्राचार्यसुद्धा. मी वर्षभर मोकळ्या तासाला तिथे बसून फाटकी पुस्तकं शिवून देते. दुकानात हात बसलेला आहे. त्या म्हणतात, तू नसतीस तर हा शब्दकोश केव्हाच रद्दीत गेला असता.
विचारल्यावर लगेच लिहायला बसल्या. फार सुंदर पत्र. मुलगी इतकी प्रामाणिक आहे की कधी कधी त्रास होतो, असंही लिहिलंय. खाली एक रकाना होता: अर्जदाराशी नाते. तो रिकामा ठेवून म्हणाल्या, हे तुझं तू भर, माझा चष्मा घरी राहिलाय.

२४ मार्च
नात्याचा रकाना. दिवसभर हाच विचार.
रूममेट म्हणाली, काही नाही असं लिही. पण सूचना क्रमांक चार: माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द. काही नाही, हे खरं आहे का? वर्षभर मी त्यांना मावशी म्हणून हाक मारते आणि त्या ओ देतात. डब्यातला अर्धा भाग माझ्यापुढे सरकवतात. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा माझ्या मजल्यावर चढून आल्या होत्या, गुडघे दुखत असताना. सख्खी मावशी आहे मला, ती फोनवरसुद्धा आधी माझं वजन विचारते.
रूममेट म्हणाली, अगं, मग दुकानदार काका, रिक्षावाले दादा, सगळ्यांना धरून तुझी वंशावळच जोड ना. ती थट्टेत बोलते. खरेपणाचं ओझं तिला कळत नाही.
लिहिलं: मावशी. एकदम हलकं वाटलं.

२५ मार्च
अर्ज दिला. मुदतीच्या आत, चांगले सहा दिवस राखून. एकही डाग नाही. कर्ज फिटल्यासारखी दुपारभर झोपले.

२७ मार्च
मावशी आज खुशीत. मदत-कक्षातल्या बाईंचा त्यांना फोन आला होता, शिफारस तपासायला. बाईंनी विचारलं, ही मुलगी खरंच तुमची भाची का? मावशींना वाटलं, हो म्हटलं तर पत्राला वजन येईल. म्हणून त्या म्हणाल्या, भाची म्हणजे काय, सख्खीच समजा, माझ्या हाताखाली वाढलीय.
आणि मला म्हणाल्या, आता काळजी सोड, मी पक्कं केलंय.
मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२८ मार्च
मदत-कक्षात बोलावलं. बाईंनी माझा अर्ज वेगळा काढून ठेवला होता. नातेवाइकाची शिफारस चालत नाही. मी सगळं समजावून सांगितलं, ताप, डबा, शब्दकोश. बाई म्हणाल्या, माझी वीस वर्षं इथे गेली, मावशी असं लिहिणारी तू पहिली. निम्मं कॉलेज मावशींकडूनच शिफारस घेतं आणि त्या रकान्यात काही नाही असं लिहितं.
बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, एक ओळ लिहून आण, आमचे कोणतेही नाते नाही, खाली दोघींच्या सह्या. ३१ला पाचच्या आत.
एक ओळ. माझ्यासारखीला एक ओळ म्हणजे हातचा मळ.

३० मार्च
कच्चा खर्डा पहिला: सदर बाई माझ्या कोणीही नाहीत. फाडला.
दुसरा: आमचा परस्परांशी काहीही संबंध नाही. हे घटस्फोटासारखं वाटतं.
सकाळी मावशी विचारत होत्या, काय लिहितेस एवढं? मी पान उलटं केलं. त्यांनी पेरू कापून त्याच पानावर ठेवला.
मुलींनी विचारलं, डेडलाइनताई, तुझं झालं ना? म्हटलं, माझं कधीच झालं. तांत्रिकदृष्ट्या २५ तारखेला झालंच होतं.

३१ मार्च, दुपार
जमलं. आमच्यात रक्ताचे नाते नाही. मात्र नाते आहे. खरंही आणि कोणाला न दुखवणारंही. मावशींनी चष्मा लावून वाचलं, सही केली. मग म्हणाल्या, खिडकी पाचला बंद होते, पळ.

३१ मार्च, संध्याकाळ
साडेचारला रांगेत होते, पाचला दहा कमी असताना नंबर लागला. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, मात्रपासून पुढचं खोड आणि दे.
मी म्हटलं, सही झालेल्या कागदावर खाडाखोड कशी करायची? मग मावशींनी जे वाचून सही केली ते हे राहणारच नाही.
बाई म्हणाल्या, अगं पोरी, एक रेघ मार. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मागे रांग होती. रांगेतून कोणीतरी म्हणालं, मार ना बाई रेघ, आम्हालाही घरं आहेत.
मी म्हटलं, नवीन कागदावर त्यांची सही आणते, पाच मिनिटांत.
तो कागद बाईंपुढेच ठेवून धावत लायब्ररीत गेले. मावशी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. माझं काम झालं असं समजून निर्धास्त गेल्या, असं शिपाईदादा म्हणाले. धावत परत आले. खिडकी बंद.
मी चुकीचं काही केलं नाही. हे तीनदा तपासलं, शेवटाकडूनसुद्धा.

८ एप्रिल
यादी लागली. मजल्यावरच्या सगळ्या मुली आहेत. रूममेटही आहे, डागासकट. तिने आनंदाने उडीबिडी मारली नाही, हे माझ्यासाठी, ते मला कळलं. मुलींनी मिळून मला एक पेन दिलं, मार्गदर्शनाबद्दल.
घरी सांगितलं. बाबा म्हणाले, ये घरी, टेबलाचं तुझं टोक रिकामंच आहे. प्रेमाने म्हणाले. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ जिन्यात वेळापत्रकासमोर बसून राहिले.

१० एप्रिल
मार्ग निघाला. लायब्ररीत संध्याकाळी काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला फी माफ असते. मावशींनीच सुचवलं. काल आणखी एक दात काढल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, चिठ्ठीवर लिहून दाखवलं. पुस्तकं शिवता येणारी दुसरी मुलगी या कॉलेजात नाही. जागा माझीच. अर्ज त्याच दिवशी भरला, त्याच दिवशी दिला. माणूस शिकतो.

१७ एप्रिल
मुलाखत झाली. फार चांगली. फाटका नकाशा दिला होता, तो जोडून दाखवला. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, जोड कुठे आहे ते कोणाला सापडलं नाही. मग ऑफिसातून एक जण आले आणि म्हणाले की कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना त्याच विभागात घेता येत नाही, आणि मी लायब्ररीतल्या मावशींची भाची आहे.
मी म्हटलं, मी त्यांची कोणी नाही. पहिल्यांदाच म्हटलं, मोठ्याने, आणि मावशी दारातच उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, नाही हो, कोणी नाही ही माझी.
त्या गृहस्थांनी फाइल उघडून आमच्यापुढे कागद धरला. मात्र नाते आहे. खाली दोघींच्या सह्या. खाडाखोड अजिबात नाही.