खुशालची चूल मुंबईत

उत्तमा,

तू अमरावतीहून कापूस विकून येशील तेव्हा घरात मी नसेन, खुशालही नसेल. हे पत्र सांगते मी, लिहितो तुझा लेक खुशालच. राग माझ्यावरच काढ. व्यापाऱ्यांच्या कापसाच्या गाड्यांबरोबर आम्ही भुसावळला निघालो, तिथून आगगाडीनं मुंबईला, पाद्र्यांच्या कॉलेजात. त्याला शिष्यवृत्ती मिळाली आहे.

तू म्हणाला होतास, "पाद्र्याइच्या हातचं जेवला तं बाटला समज, मंग उंबरा चढू देनार नाही." म्हणून तिथं त्याची चूल मीच मांडणार. तवा नेला आहे. तुझ्या बायकोला, वच्छलेला, नवा आणून दे.

अकोल्यात मी पाद्रीसाहेबाला विचारलं, "पैसा कोन देते, बापा?" तो म्हणाला, विलायतेतल्या म्हाताऱ्या बाया मोजे विणून विकतात आणि तो पैसा मुलांच्या शिक्षणाला पाठवतात. तुझे वडील खळ्यातल्या मातीत बोटानं अक्षरं काढायचे, वारा ती पुसून न्यायचा. आणि समुद्रापलीकडची कोणी म्हातारी आपल्या पोरासाठी टाके घालते आहे! तिला त्याचं नावही ठाऊक नाही, उत्तमा. मी तर त्याची सख्खी आजी. मी घरी कशी बसू?

तुझी माय