वळिवड्याहून आलेल्या मारियामातेची पुढची व्यवस्था

मी, रीटा पास्कल डाबरे, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, मूळ गाव मौजे आंबोडे, तालुका वसई, गेली एकतीस वर्षे मुक्काम अल् खुवैर, मस्कत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मुलगी जोआन समोर बसून दर ओळीला विचारते आहे, "मम्मी, स्थावर म्हणजे?" म्हणून सोपे लिहिते. आमच्या वकील आकांक्षा राऊत यांनी वसईहून मजकूर तपासला. घरगुती वाक्ये गाळा म्हणाल्या. ती मी गाळलेली नाहीत.

कलम १. बँकेतली शिल्लक, दागिने आणि गाडी जोआनला. माझा नवरा पास्कल गेल्यापासून तिनेच मला सांभाळले. तिची मराठी अडखळते, पण आजीची पोलिश ती मोबाईलवर शिकली. आजीच्या हातची पत्रे आता घरात तिलाच वाचता येतात, म्हणून तीही तिलाच.

कलम २. आंबोड्यातली दोन गुंठे जागा आणि तिच्यावरचे चॅपेल माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते कसे आले हे लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या अटी त्यावरूनच आहेत.

माझी आई हालिना पोलंडची. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून हाकलली गेली आणि सैबेरिया, इराण करत तेरा वर्षांची असताना कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या पोलिश छावणीत आली. तिची आई तिथेच वारली. छावणीतल्या एका म्हाताऱ्या सुताराने सागाच्या फळीवर त्यांच्या देशाची मारियामाता रंगवली होती: सावळा चेहरा, उजव्या गालावर दोन जखमा. छावणी मोडली तेव्हा सगळे जहाजाने निघून गेले. आई तिथे पाव भाजणाऱ्या बस्त्याव लोपीसशी, म्हणजे माझ्या बाबांशी लग्न करून वसईला आली. हुंडा म्हणून तिने ती फळी आणली, असे बाबा हसून सांगत. १९६१ साली त्यांनी तिच्यासाठी चॅपेल बांधले. खाली आईने पोलिशमध्ये लिहवून घेतले, "पोलंडच्या राणी, आम्हांसाठी विनंती कर."

आई गेल्यावर घर धाकटा भाऊ वॉरन याला आणि चॅपेल मला मिळाले. मी मस्कतला, म्हणून किल्ली त्याच्याकडे. २०११ मध्ये चॅपेलला पन्नास वर्षे झाली. सणाला मी पोचले, तो मारियामाता गोरी झालेली! गाल गुळगुळीत, ओठ लाल.

"लोक विचारतात, ही जळली होती का?" वॉरन म्हणाला. "बाय, जरा बरी दिसायला नको?"

"आईचा चेहरा पुसलास तू," मी म्हटले. सगळ्या गावासमोर म्हटले. ते मला खासगीत म्हणता आले असते, हे इथे कबूल करते. मी फळी उतरवली, साड्यांत गुंडाळली आणि मस्कतला घेऊन आले.

कलम ३. माझे कापड बेतण्याचे मोठे टेबल, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री मस्कतजवळच्या बरका गावातल्या जाफरभाईंना. ते रत्नागिरीचे, फ्रेमा आणि दुकानांच्या पाट्या करतात. फळी बघून म्हणाले, "ताई, वरचा रंग कच्चा आहे, खालचा पक्का. पण घाई करायची नाही. रोज बोटभर."

पूर्ण हिवाळा ते कापसाच्या बोळ्याने रंग उतरवत होते. एका शुक्रवारी त्यांचा फोन आला, "पहिली जखम दिसली." मी शिवण तशीच टाकून बरक्याला गेले. त्यांनी मजुरी घेतली नाही. "आईच्या तोंडावरचा रंग पुसायचे पैसे कसले?" म्हणाले. टेबल तरी त्यांनी नाकारू नये.

कलम ४. चॅपेल व जागा आंबोडे धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ट्रस्टला, पुढील अटींवर. चेहऱ्याला कोणीही रंग लावू नये. पोलिश ओळीवर गिलावा करू नये. दर सव्वीस ऑगस्टला, तिच्या सणाला, मारियामातेचा चेहरा सोडून फळीवर चढवायचा मखमली झगा बदलावा. मी अकरा शिवून ठेवले आहेत, हिरवा पावसात वापरू नये, रंग सोडतो. त्या दिवशी आईच्या पद्धतीच्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या सर्वांना वाटाव्यात.

कलम ५. त्याच जागेतली चॅपेलमागची आईची खोली मी आधीच्या मसुद्यात वॉरनला लिहिली होती. त्याचे कारण असे. रंग उतरल्यावर मी फळी नेऊन चॅपेलमध्ये परत बसवली त्या दिवशी तो घराबाहेर आला नाही. आठ वर्षे आम्ही बोललो नाही. मग एका दुपारी त्याचाच फोन आला. छावणीत वाढलेली एक पोलिश म्हातारी नातवाला घेऊन चॅपेलमध्ये आली होती.

"बाय, तिला नीट दिसत नाही," वॉरन म्हणाला. "तिनं गालावर बोटं फिरवली. जखमा लागल्या तशी रडायलाच लागली. माझा रंग राहिला असता तर तिला ही ओळखूच आली नसती गं."

मग तो रडला, मीही. चूक त्याने कबूल केली, मी माझी.

गेल्या आठवड्यात तो व्हिजा काढून इथे आला. मी त्याला हे कलम वाचून दाखवले. त्याने वकीलबाईंना फोनवर विचारले, "साक्षीदार राहिलो तर?" त्या म्हणाल्या, साक्षीदाराला त्याच मृत्युपत्राने काही मिळत नाही.

"मग मला साक्षीदारच कर," वॉरन म्हणाला. "खोलीत आईची पेटी, छावणीचे फोटो मांड. लोकांना बघू दे."

त्याच्या या म्हणण्यावरून ती खोलीही, आईची पेटी व फोटो मांडून सर्वांना बघायला खुली ठेवण्याच्या अटीवर, ट्रस्टला देत आहे. वॉरन लोपीस यास या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली.

रीटा पास्कल डाबरे

आमच्यादेखत सही झाली, आणि तिच्यादेखत आम्ही केल्या:

१. कौशिक नाडकर्णी, शेजारी
२. वॉरन बस्त्याव लोपीस, भाऊ

मुक्काम मस्कत, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५