आमच्या बैठकीच्या खोलीतले तीन कोपरे

टॉर्सन, आयोवा
९ नोव्हेंबर

ती. सॉल्व्हिगताईस,
धाकट्या ऑर्व्हिलचा सा. न. वि. वि.

आज पहाटे टेलिफोनच्या घंटेने जाग आली. दोन लांब, एक आखूड. उठून बसलो तर घर निःशब्द. वाजली होती ती शेतावरच्या आपल्या घरातली, भिंतीवरच्या लाकडी पेटीतली घंटा, साठ वर्षांपूर्वीची. एका तारेवर अकरा घरं होती, प्रत्येक घराची घंटेची खूण वेगळी. घंटा कुणाचीही असो, आई अ‍ॅप्रनला हात पुसून रिसीव्हर हळूच कानाला लावायचीच, आणि बोलणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं. म्हणून सगळे जपून आणि गोड बोलत. अंथरुणात बराच वेळ कान देऊन बसलो. पुन्हा काही वाजली नाही.

आता खरा टेलिफोन खणखणतो तो वेगळ्याच कारणाने. आपल्या पक्षातर्फे अध्यक्षपदाला कोण उभा राहणार, याचा देशातला पहिला कौल फेब्रुवारीत आम्ही आयोवाकर देणार. त्यामुळे एरवी ज्यांना आमचं राज्य नकाशावर सापडत नाही, त्यांना सध्या मक्याचा भाव आणि डुकरांची तब्येत यांच्या काळजीने झोप लागत नाही.

मला मात्र यंदा चेष्टा परवडणारी नाही. कारेनचं मूत्रपिंडांचं मशीन गावच्या रुग्णालयात आहे, म्हणून आमचं चाललं आहे. आठवड्यातून तीनदा जायचं, दुपारी घरी. आता म्हणे वसंत लागताच तो विभाग बंद. वॉशिंग्टनहून येणारा पैसा पुरत नाही. मग सत्तर मैलांवरचं शहर. माझ्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गावाबाहेर गाडी न्यायला मनाई केली आहे, आणि आम्हाला मूलबाळ नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

गुरुवारी त्या उमेदवारांपैकी गव्हर्नर व्हिटकोम घरी आले होते. स्वयंपाकघरात बसून कारेनचा केक खाल्ला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, की त्या मशीनचा दिवा ते विझू देणार नाहीत. भिंतीवरचा शाळेचा फोटो पाहून मी शिक्षक होतो हे त्यांनी ओळखलं, आणि आपल्या वाचनमालेतल्या नदीच्या कवितेचं कडवं एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं. ताई, ती कविता मी चाळीस वर्षं शिकवली. असा माणूस खोटं बोलेल असं मला वाटत नाही.

तिकडच्या उन्हात तब्येत जप, आणि माझ्यावरची माया सावलीत ठेव, म्हणजे वाळायची नाही.

तुझा
ऑर्व्हिल

*

टूसॉन, अ‍ॅरिझोना
२१ नोव्हेंबर

चि. ऑर्व्हिलस,
अ. आ.

कारेनची बातमी वाचली आणि घास उतरेना. मग गव्हर्नरची वाचली आणि हसताना तोच घास ठसक्यासरशी बाहेर आला. एका पत्रात दोन्ही मावलं, हे तुझं कौशल्य.

माझ्या चर्चमधल्या इंगाची भावजय तुमच्याच राज्यात, नदीकाठी राहते. तिच्याकडेही तुझे गव्हर्नर येऊन गेले. तिथे त्यांनी नॉर्वेजियन भजन म्हटलं आणि डोळे पुसले. पलीकडच्या जर्मन वस्तीत जर्मन गाणं म्हटलं आणि तिथेही डोळे पुसले. तो माणूस नाही रे, चर्चचा ऑर्गन आहे. ज्या गावाची पट्टी दाबावी, त्या गावाचा सूर निघतो.

दिवा विझू देणार नाही म्हणजे नक्की काय करणार, हे विचारलंस का? नसशील. यमक जुळलं की अर्थ विचारायचा नाही, ही तुझी लहानपणापासूनची खोड. आमच्याकडे बरं असतं. आम्ही पडद्याआड जातो, खूण करतो, आणि बाहेर येऊन सगळ्यांना खोटं सांगतो. तुम्हाला शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यात उभं राहायचं असतं. तेव्हा घाई करू नकोस. बाकीचेही येतील, त्यांनाही केक खाऊ दे. सही मात्र कशावरही करू नकोस. घरी आलेल्याला नाही म्हणायचं तुमच्या अख्ख्या गावाला जमत नाही, आणि तू तर त्या गावाचा मास्तर.

कारेनला माझा पापा. तिला म्हणावं, केकमध्ये साखर जरा कमी घाल, उगाच मुक्काम लांबवतात.

तुझं बरं चिंतणारी, म्हणूनच वाईट बोलणारी,
सॉल्व्हिग

*

टॉर्सन
१४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारेनला मशीनवर असताना वाचून दाखवलं. ती इतकी हसली की नर्सने येऊन रक्तदाब तपासला.

बाकीचे दोघेही येऊन गेले. सिनेटर ड्रेक्सलर सकाळी आले. शेजारच्या अर्लिनच्या गोठ्यात जाऊन डुकराचं पिल्लू उचललं, छायाचित्र काढून घेतलं आणि पिल्लू कारेनच्या मांडीवर ठेवून निघाले. रुग्णालयाचं विचारलं, तर म्हणाले की सत्तेवर येताच पहिलं काम तेच. डुकरांच्या भावाचंही पहिलं काम तेच होतं, असं अर्लिन म्हणतो.

तिसरे एल्डन प्रुइट. पूर्वी खासदार होते. आवाज असा, की वर्गात असते तर मी त्यांना शेवटच्या बाकावरून पुढे आणलं असतं. केक नको म्हणाले, पोटाला सोसत नाही. मशीनबद्दल कारेनला बरंच विचारलं. सुई कुठल्या हाताला लावतात, नंतर किती थकवा येतो, मीठ बंद झाल्यावर आपली बटाट्याची पोळी, लेफ्से, कशी लागते. मग म्हणाले, की हा विभाग वाचवणं त्यांच्या हातात नाही. निवडून आले तरी वेळेत काही होणार नाही, आणि तसं वचन देणं बरं नव्हे. मला तर त्यांना दारापर्यंत सोडतानाही अवघडल्यासारखं झालं. एवढ्या बर्फातून येऊन माणूस नाही सांगायला येतो?

आता रागावू नकोस. तिघांच्याही माणसांनी पाठिंब्याची कार्डं पुढे केली, आणि मी तिन्हींवर सही केली. दारात उभ्या माणसाच्या भुवयांवर बर्फ साचलेला असताना नाही कसं म्हणायचं, तूच सांग. कॉकसची, म्हणजे कोपरे धरून कौल द्यायची, सभा यंदाही आपल्याच बैठकीच्या खोलीत भरणार आहे. परवा टपालाने तिघांचे बिल्ले आले. तिन्हींवर लिहिलंय, टॉर्सन विभागाचा प्रमुख.

लोभ तिघांत वाटला जात असला, तरी तुझा वाटा वेगळा काढून ठेवला आहे.

ऑर्व्हिल

*

टूसॉन
३ जानेवारी

चि. ऑर्व्हिलस,
अ. आ.

अभिनंदन. अमेरिकेच्या इतिहासात तीन प्रतिस्पर्ध्यांचा सेनापती एकच असण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. सभेच्या दिवशी तिन्ही बिल्ले लावून खोलीच्या मधोमध उभा राहा, म्हणजे ख्रिसमसचं झाड पुन्हा आणायला नको.

माझं ऐकशील तर प्रुइटला मत दे. तो निवडून येणार नाही, हे त्याच्या बोलण्यावरूनच कळतं. खरं बोलणाऱ्याची तेवढी तरी सोय करावी. गव्हर्नरांचं म्हणशील, तर कॉकसच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान उडेल, आणि वरून तुमचं गाव त्यांना टिकलीएवढंही दिसणार नाही. त्या माणसाच्या भरवशावर कारेनला ठेवू नकोस. दुसरी काही सोय बघ. चर्चमध्ये विचार. कुणाला तरी पगारी ठेव.

मी तिथे असते तर एकेकाला विचारलं असतं. पण बर्फ उपसायचं फावडं मी इकडे यायच्या दिवशीच विकलं, हे तुला माहीत आहे.

रागवायचं असेल तर पत्राने रागव, मुक्याने नको.

सॉल्व्हिग

*

टॉर्सन
१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चर्चमध्ये विचारलं. अर्लिनला गुरं आहेत, पाद्रीबुवांची पाठ धरलेली आहे, आणि बाकीचे आमच्याच वयाचे. पगारी माणूस एक दिवस मिळतो, तीन दिवस नाही. म्हणजे कवितेशिवाय माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल.

तिकडे संत्र्याच्या झाडाखाली बसून टोमणे मारणं सोपं आहे. तुझे टोमणे फार धारदार असतात, पण कारेनला बसवून शहरापर्यंत नेईल असा एकही अजून टपालातून निघालेला नाही. गव्हर्नर निदान तिचा हात धरायला आले होते.

अधिक काय लिहू? लिहिलं तेच जास्त झालं.

ऑर्व्हिल

*

टॉर्सन
१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिना झाला, तुझं पत्र नाही. मी कडू लिहिलं, हे पेटीत टाकतानाच कळलं होतं, पण पेटीत हात जात नाही. तरी परवाची हकिकत तुला सांगितल्याशिवाय मला ती पुरती घडल्यासारखी वाटणार नाही.

संध्याकाळी चोवीस माणसं बैठकीच्या खोलीत जमली. ओले बूट दारात, कॉफी दोन किटल्या. चौथ्या कोपऱ्यात पियानो, म्हणून उमेदवार तीनच, असा अर्लिनचा विनोद झाला. तो दर चार वर्षांनी होतो. मग त्याने सभापती म्हणून सांगितलं, की आपापला कोपरा धरा, आणि ज्या कोपऱ्यात चौघंसुद्धा नसतील तो कोपरा मोडेल, त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं.

मी गव्हर्नरांच्या कोपऱ्यात गेलो. तेव्हा कळलं, की तिन्ही कार्डांवर सही करणारा मी एकटा नव्हतो. निम्मं गाव एकमेकांची नजर चुकवत होतं. प्रुइटच्या कोपऱ्यात पोस्टमन, विधवा ब्यर्काबाई, आणि डुलत्या खुर्चीत आमची कारेन. एक माणूस कमी.

रिवाज तुला ठाऊक आहे. मोडायच्या कोपऱ्याला इतरांनी गोडीगुलाबीने ओढायचं. ड्रेक्सलरवाल्यांनी ब्यर्काबाईंना बिस्किटं देऊ केली. आमच्या कोपऱ्याने कारेनला आणायचं काम माझ्यावर सोपवलं, कारण तिच्याशी माझी ओळख जास्त. मी सगळ्यांसमोर गालिचा ओलांडून गेलो आणि तिला समजावू लागलो, की तिच्यासाठीच तर मी तिकडे उभा आहे, दिव्याचं वचन त्यांनीच दिलं आहे.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, की बाकीचे दोघे तिच्या मूत्रपिंडांशी बोलून गेले, तिच्याशी बोलला तो हा एकटाच. आणि पुढे म्हणाली, की मशीन बंद होणार हे तिला प्रुइट येण्याआधीच कळलेलं होतं. घरात ते कुणीतरी मोठ्याने बोलावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि मास्तर तर कवितेत बसलेले.

ताई, परत जायला गालिचा फार लांब वाटला. मी तिथेच, तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. अर्लिनने चार मोजले आणि कोपरा टिकला. गव्हर्नरांच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याचा केक खाल्ला.

राज्यात गव्हर्नर जिंकले. प्रुइट शेवटचे आले. पण आपल्या बैठकीत त्यांचा कोपरा उभा राहिला होता, याची कुठेतरी नोंद असावी, म्हणून हे पत्र.

दोन ओळी तरी पाठव. टोमणा असला तरी चालेल.

ऑर्व्हिल

*

टॉर्सन
२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर नाही, तरी लिहितो आहे. फळ्याशी एकट्याने बोलायची मला सवय आहे.

कॉकसच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आतच सगळी विमानं उडाली. गावात इतकी शांतता आली की पागोळ्या गळताना ऐकू येतात. गव्हर्नरांचं छापील कार्ड आलं. त्यात माझ्या अढळ पाठिंब्याबद्दल आभार आहेत आणि माझी पत्नी कॅथरीन हिला सदिच्छा. कारेनने ते फ्रिजवर लावलं आहे. आता येताजाता मी तिला कॅथरीन म्हणतो आणि ती मला गव्हर्नरसाहेब. प्रुइटांनी माघार घेतली. ते काही करू शकणार नाहीत म्हणाले होते, आणि ते वचन त्यांनी तंतोतंत पाळलं. तिघांत शब्दाला जागलेले ते एकटेच.

मशीनचा विभाग काल बंद झाला. उद्या सकाळी शहरात पहिली पाळी. जाताना अर्लिन सोडणार, परत कसं यायचं ते ठरलेलं नाही. शनिवारचं तर दोन्हीकडचं नाही. कारेन म्हणते, एक वेळ चुकली तर काही होत नाही. असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही. ह्या वेळी मी कवितेत बसलेलो नाही, ताई; मला सगळं ऐकू येतं. म्हणूनच…

दार वाजतं आहे. आता तर कुणाची निवडणूकही नाही. कारेनला उठायला नको, मी बघून येतो.

परत आलो. ही ओळ टपालात टाकायची गरज उरलेली नाही, पण तोंडाने बोलायला मला सध्या जमेनासं झालं आहे, म्हणून लिहितो. अंगात तो पातळ सुती कोट, पायांत कापडी बूट, दोन पेट्या बर्फात रुतलेल्या, आणि आत यायच्या आधीच गाडीची किल्ली मागते आहेस. म्हणतेस, की तू कुणाला वचन दिलेलं नव्हतं, तेव्हा गैरसमज नको.