कळशीवरचं नाव

३ फेब्रुवारी १९३१
सांगोल्याहून सोलापूरला सासरी आले. घरात आम्ही दोघंच. हिंदुराव हे गिरणीत हजेरी कारकून. बिजवर आहेत, पण बोलणं साखरेसारखं. पहिली बायको डोक्यानं बिघडून वारली म्हणे. लग्नात यांनी माझं गोजर हे नाव बदलून रंभा ठेवलं. आज पितळी कळशी दाखवली, तिच्यावर सौ. रंभाबाई कोरलेलं. खास तुझ्यासाठी कोरून घेतलं, म्हणाले. मी दिवसभर ती मिरवतच पाणी भरलं.

१९ फेब्रुवारी
हे म्हणतात, पिठल्यात मीठ नव्हतं. मी तर चाखून वाढलं होतं. दोन दिवस अबोला धरला, मग जवळ बसवून म्हणाले, तुझं डोकं जागेवर नसतं, मी आहे म्हणून सांभाळून घेतो. मला रडू आलं. माफी मागितली.

७ मार्च
कळशी घासताना नावाखाली आकडा दिसला, १९२७. तेव्हा मी सांगोल्यात शाळेत जात होते. विचारलं तर हसले. एकतीस आहे, आता वाचायचंही विसरलीस का, म्हणाले. माझं डोकं फिरतं असं यांनी शेजारीही सांगून ठेवलंय. खरंच फिरतं का?

८ मार्च
आकडा नाही. तिथं कानशीनं घासलेलं ताजं पितळ. यांच्या कोटाच्या बाहीवर पिवळा कीस.
मी विसरत नाही. मी वेडी नाही. वही आता ज्वारीच्या कणगीत लपवते.

१४ मार्च
धुणं धुणाऱ्या काशम्माला यांच्या पहिल्या बायकोबद्दल विचारलं. ती इकडंतिकडं बघून म्हणाली, “अक्का, पैली रंभाबाई मेली न्हाय. दुधनीला माज्या भनीकडं हाय. आदी मीठ घालताना बी हात कापायचा तिचा. आता पोटभर जेवती की.”
दोन रंभा. एकच कळशी.

१६ मार्च
उद्या दुपारी. हे गिरणीत असतील. काशम्मा मागच्या दारी येऊन अक्का म्हणून हाक मारणार. मग दुधनीची गाडी, आणि मी पुन्हा गोजर —

१७ मार्च
बोचकं बांधलं. कळशी इथंच राहू दे. मी गोजर.

मागची कडी वाजली. हाक काशम्माची नाही. यांची. “गोजर, दार उघड की.” किती गोड आवाज.
लग्नापासून या नावानं कधी बोलावलं नाही. म्हणजे वही वाचली. काशम्माचं काय केलं —
हे मागच्या दाराशी आहेत. म्हणजे पुढचं दार मोकळं —