झँथेटचे पिवळे दाणे आणि तुमचे हात

आबा, तुम्ही ज्या पिवळ्या दाण्यांची पिंपं भरायचात, तसलीच पिंपं आता मी उघडते. इस्लामपूरबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात सगळे त्याला नुसतं ‘पावडर’ म्हणायचे. त्याचं नाव झँथेट. ती कुठं जाते असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, “खाणीत जाती. तितं काय करत्यात त्यांचं त्यांना ठावं.” मी परराज्यातल्या एका तांब्याच्या खाणीवर प्रयोगशाळेत आहे. तिथं दगड पिठासारखा दळून पाण्यात कालवतात, टाकीत घालतात आणि खालून हवा सोडतात. झँथेट तांबं असलेल्या कणाला चिकटतं, मग त्या कणावर पाणी ठरत नाही. मेंढीच्या तेलकट लोकरीवरून पाऊस घसरतो ना, तसं. असा कण बुडबुड्याला धरून वर फेसात येतो आणि नुसता दगड खाली राहतो. लोकरीचं नाव काढताच तुम्हाला हे कळलं असतं. टाकीपाशी उभी राहिले की हे सांगायला तुम्ही नाही याचं फार वाईट वाटतं.

कळप सोडायचा हट्ट आईचा होता. आटपाडीकडून मेंढरं घेऊन तुम्ही आणि काका दरवर्षी उसाच्या मुलखात उतरायचात. उंब्रजच्या पुढं एका मोकळ्या रानात घोड्यावरचं सामान उतरवताना आई म्हणाली, “आवं, पोरगी शाळंत कवा जायची? आपुन एका जागी ऱ्हाऊया.” काका हसले, तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर तुम्ही कारखान्यात लागलात. तोंडाला ओला पंचा बांधून पिंपं भरायची, एवढंच काम. पावसाळ्यात पावडरीला ओल धरली की नासलेल्या कोबीसारखा वास सुटायचा, तो तुमच्या अंगाबरोबर घरी यायचा. आई तुमचे कपडे वेगळे धुऊन लांब कुंपणावर वाळत घालायची आणि तुम्ही म्हणायचात, “मेंढरांचा वास चालत हुता न्हवं तुला?”

काही वर्षांनी काकांचा कळप आपल्या जवळच उतरला होता, तो रविवार मला आठवतो. एक मेंढी सकाळपासून अडली होती. पोटातलं कोकरू कसं आहे हे तुमच्या बोटांना कळायचं, म्हणून लांबून माणसं तुम्हाला बोलवायला यायची. तुम्ही हाताला तेल लावता, गुडघे टेकता, हात आत घालता, डोळे मिटता. काका मेंढीचं डोकं धरून बसलेत. ते विचारतात, “दादा, पाय हाय का मान?” तुम्ही हात आत फिरवत राहता. मग हात बाहेर काढता. “हाताला काय लागंना रं. तूच बघ.” काकांनी घाईनं हात घातला. कोकरू आडवं होतं. मेंढी वाचली, कोकरू गेलं. परत येताना तुम्ही अंगठा बोटांवर घासत चालला होतात. मी म्हटलं, “आबा, हात दुखतोय?” तुम्ही म्हणालात, “दुखला असता तर बरं झालं असतं.”

तरी तुम्ही काम सोडलं नाही, कारण मी सांगलीला कॉलेजात होते. डॉक्टरनं साखर तपासली, ती नव्हती. ताकदीच्या गोळ्या दिल्या. पुढं शर्टाची बटणं आई लावायची, चालताना तुमच्या पायातली चप्पल गळून पडायची आणि तुम्हाला कळायचं नाही. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि मी सांगलीहून पोचायच्या आत तुम्ही गेलात.

परवा आमच्याकडं सुरक्षेचं प्रशिक्षण होतं. शिकवणारा शांतपणे सांगत होता, झँथेट ओलं झालं की विषारी वाफ सुटते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर हातापायांची जाणीव जाते, हृदयही बिघडतं. शेजारी बसलेला म्हणाला, “एवढी वर्षं कोण हुंगत बसतंय!” मी उठून बाहेर आले. तुमच्या बाबतीत हेच झालं असं आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मला मात्र शंका उरलेली नाही.

आईला सांगायचं म्हणूनच रजा काढून घरी आले. ती रविवारी जेवत नाही, माझ्यापुरत्या भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, “आई, आबांच्या हाताचं सांगायचं होतं.” तिनं तव्यावरची नजर काढली नाही. “त्ये बिरुबाचं हुतं. द्येवाची मेंढरं म्या सोडाया लावली. म्या त्याला म्हनलं, राग काडायचा तर माज्यावर काड. लय वर्सं उपास केलं. आता निवला आसंल.” उपासानं देव निवतो, आबा. पिंपातल्या वाफेचं तिला काय सांगू? तिनंच तुम्हाला त्या पत्र्याखाली धाडलं, एवढंच तिच्या हाती उरेल.

“काय सांगत हुतीस?” तिनं विचारलं. “काही नाही,” मी म्हटलं आणि जेवायला बसले.

ती आत भांडी लावतेय आणि मी उंबऱ्याशी बसून हे लिहितेय. तिला वाचता येत नाही. तरी ती बाहेर आली की मी कागद उलटा करते.