दुधात बुडवलेली बोटं

माय, तुह्या भेदराच्या तीन झाडांपैकी दोन मी मारली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी गोल गोल फिरत राहीन अन् तू म्हणशीन, मुद्द्याचं बोल. इथं चिखलीत सगळे टमाटे म्हणतात, क्लासमध्ये शिकवताना मीही टमाटेच म्हणतो. पण ही झाडं तुही हायेत, त्यायले टमाटे म्हणायले जीभ वळत नाई.

उन्हाळ्यात बाबानं उंद्रीच्या घरची स्वयंपाकघराची मातीची भिंत पाडली, पक्की बांधायची म्हणून. मी मदतीले गेलतो. तू राखेत अन् शेणात बिया कालवून चुलीच्या वर भिंतीले थापायची ना, तुही शेवटची थाप तिथं तशीच होती, धुरानं काळी पडलेली. तिच्यावर चार बोटं उमटलेली. तीन पुरी, अन् अंगठ्याजवळचं आखूड, कडब्याच्या कुट्टीच्या मशीनीत पेर गेलेलं. मी माहा हात त्याच्यावर ठेवला. तीन बोटं खाचेत बरोबर बसली, चौथं पुढं जाऊन कोरड्या शेणावर टेकलं. बाबा सब्बल घेऊन मागं उभा होता. "काय पाहतं बे, देव निघाला का?" मी थाप खरवडून गमछ्यात बांधली. बिया काढायच्या म्हणजे तुही बोटं फोडायची होती. दोन दिवस ती थाप माह्या लिहायच्या टेबलावर पडून होती, अन् मी एक ओळ लिहिली नाई. मग करंगळीकडून सुरू केलं. आखूड बोटाचा तुकडा तेवढा ठेवला, तो अजून डब्यात हाय. बारा वर्षांच्या बिया, उगवल्या तीन. गच्चीवर तीन कुंड्या. ही गेली तर तुही भेदरं जगात कुठंच नाई, हे मले तेव्हाच कळलं होतं.

महिना-दीड महिना बरी चालली. मी सकाळी क्लासले जायच्या आधी बगलफुटी, पानाच्या बेचक्यातले नवे कोंब, खुडायचो, तू खुडायची तसा. मग पहिल्या झाडाच्या पानांवर चट्टे आले, फिकट हिरवे अन् गर्द हिरवे, जसं कोणी ओल्या हातानं धरलं असावं. वरून नवीन पानं निघाली ती सुतासारखी, पिळलेली. औषधाच्या दुकानातला म्हणे, पांढरी माशी असंन, निंबोळीचं तेल मार. मी एकेक पान उलटं करून पाह्यलं, माशी नाई. पाणी कमी केलं, मग जास्त केलं. चुन्याची निवळी दिली. सावलीत ठेवलं, परत उन्हात आणलं. घरमालकीण काकू जिन्यातून पाहे. "बाजारातून किलोभर आण ना बाबू, त्या झाडाले काऊन पिडून राह्यला?"

पिडून. तो शब्द डोक्यात बसला. कारण मले एक शंका आलती, अन् ती कोणाले सांगण्यासारखी नव्हती. म्हणून मी करून पाह्यलं. दुसऱ्या झाडाले रोज हात लावला, पानं कुरवाळली, फुटी खुडल्या. तिसऱ्याले अजिबात शिवलो नाई, दुरून पाणी ओतलं, काडीही त्याले टेकवून ठेवली ती चिमट्यानं. दहा-बारा दिवसांनी दुसऱ्याचे शेंडे आकसले. तिसरं हिरवंगार, सरळ, माह्याकडं पाहत उभं. भर दुपारची वेळ, खाली गच्ची तापलेली, अन् मी दोन्ही हात खिशात घातले.

मी तेरा वर्षांचा हाय. घरामागं मोरीच्या पाण्यावर तुही भेदरं हायेत. तुह्या डाव्या हातातल्या वाटीत दुधाच्या भांड्याचं, गंजाचं, धुवण हाय, त्यात तू बोटं बुडवतं, एक फूट खुडतं, परत बुडवतं. बोटांवरून पांढरे थेंब गळून राह्यले. अन् तू झाडासंगं हळूहळू बोलून राह्यली, काय ते ऐकू येत नाई. शेजारची काकू कुंपणावरून म्हणते, "कोणावर करणी चालू हाय वं?" तू मान वर न करता म्हणतं, "तुह्यावरच. आज रात्री मिशा येतीन तुले." मी हसतो अन् झाडाकडं हात नेतो. तू माहं मनगट पकडतं. माहा तळवा नाकाजवळ नेतं, अन् विस्तव सोडावा तसा सोडतं. "लावू नको. तुह्या हातानं मरते ते."

माय, मी त्या दिवशी सकाळीच एका झाडाले हात लावला होता. पुढं ते आकसलं. तू ते मुळासकट उपटून चुलीत घातलं, माह्याकडं पाह्यलं नाई. मी पाह्यलं, माह्या तळव्याकडं. त्यावर काही नव्हतं, अन् त्याचीच जास्त भीती वाटली.

तीन वर्षांनी बुलढाण्याच्या दवाखान्यात तू पडलेली होती तेव्हा माहे दोन्ही हात खिशात होते. तू चादरीवरून बोटं हलवली, ते आखूडही. बाबा म्हणे, "धर ना बे मायचा हात." मी म्हटलं, पाणी भरून आणतो. बाटली आधीच भरलेली होती. ती घेऊन मी जिना उतरलो, परत चढलो, तवर तू गेलती. आपण हात लावला नाई हे चांगलंच झालं, असं मी बारा वर्षं स्वतःले समजावलं.

दुसरं झाड उपटायच्या आधी मी बाबाले फोनवर व्हिडिओत दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले. मग म्हणे, "तू तंबाखू चोळतं का बे?"

"नाई."

"तोंड उघड."

मी फोन दुसरीकडं फिरवला. तो हसला, त्याचे तर दातही राह्यले नाईत. "तुही माय मले त्या झाडांच्या दहा हात लांब ठेवे. तंबाखूचा हात लागला की पानं आकसतेत म्हणे. दुधाचं धुवण तेच्यासाठीच, कुठं चुकून हात लागला असंन तर."

"मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"तुले काय सांगंन? तू लेकरू. माही चिमूट तूच चोळून देत होता ना तेव्हा, इसरला? मी बैल जुंपे तवर. तिले वास आला. त्या दिवशी तिनं मलेच झापलं, पोराच्या हाताले काय लावून ठेवलं म्हणे. दोन दिवस बोलली नाई माह्यासंगं."

मी फोन ठेवला. चिमूटभर तंबाखू, माय. एवढंच होतं ते. तू बाबावर चिडली होती अन् मी पंधरा वर्षं हात खिशात घालून फिरलो.

तवापासून वर जायच्या आधी साबणानं हात धुतो, मग दुधाच्या धुवणात बुडवतो. तिसऱ्या झाडाले पहिल्यांदा शिवलो तेव्हा पंधरा दिवस रोज शेंडा तपासला. आकसला नाई. भेदरं लागली, तुह्यासारखीच चपटी, कडेनं घड्या पडलेली. पहिलं पिकलं ते खाल्लं नाई. राख अन् शेण आणून बिया कालवल्या अन् गच्चीच्या कठड्याले थापल्या. चार बोटं दाबली, चारही पुरी. मले पक्कं आठवते.

सकाळी पाह्यलं तर थाप सुकली होती अन् एक बोट आखूड होतं. अंगठ्याजवळचं. शेण सुकताना आवळलं असंन. मी खाचेत बोट घातलं, अर्ध्यातच अडलं. मग हात नाकाजवळ नेला, तू माहा नेला होता तसा. तंबाखूचा वास नाई, दुधाचा नाई. भेदराच्या पानाचा तो हिरवट उग्र वास, तुह्या पदराले यायचा तोच. अन् हात गरम होता, माय, कोणी नुकताच धरून सोडल्यासारखा.

हे पत्र डब्यात ठेवून देतो, तुह्या आखूड बोटापाशी. एक सांगायचं राह्यलं. तो वास आल्यावर मले आनंद व्हायले पाहिजे होता. मी खाली पळालो, खिशातली पुडी फोडली, अन् वास जाईपर्यंत दोन्ही हातांवर तंबाखू चोळली. आज चौथा दिवस हाय, मी गच्चीवर गेलो नाई. झाडाले पाणी काकू घालून राह्यली.